भुवई बदक की चक्रांग? तपकिरी बदकांच्या थव्यात नेमकं नाव ठरवण्याची रीत

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणजवळ कुंभारगाव-डिकसळच्या बाजूला उभं राहिलं, की काठापासून दीड-दोनशे मीटरवर लहान तपकिरी बदकांचा मोठा थवा निवांत बसलेला दिसतो. बहुतेकांनी चोच पाठीच्या पिसांत खुपसलेली असते. रंगीत नर एकही नजरेस पडत नाही. अशा थव्यापुढे अनेकांच्या वहीत 'कॉमन टील' असं लिहिलं जातं, कारण पक्षी लहान आहे आणि ते नाव तोंडात बसलेलं आहे. प्रत्यक्षात त्या थव्यात बहुतेक गार्गनी, म्हणजे आपली भुवई बदकं असण्याचा संभव जास्त. त्याचा पहिला पुरावाही समोरच असतो: नोव्हेंबर सरत आला तरी थव्यात एकही रंगलेला नर नाही.

कॉमन टीलला मराठीत चक्रांग म्हणतात. दोन्ही बदकं हिवाळी पाहुणी, दोन्ही लहान, आणि दोघांच्या माद्या वरवर पाहता एकाच साच्यातल्या. विणीच्या रंगातला नर ओळखायला पाच सेकंद पुरतात. अडतं ते माद्यांपाशी, पहिल्या वर्षाच्या पिल्लांपाशी आणि रंग उतरलेल्या नरांपाशी. सप्टेंबर ते जानेवारी या काळात आपल्या पाणथळींवर संख्या याच पक्ष्यांची जास्त असते. म्हणून या लेखात नरांना थोडक्यात आवरून बाकीच्यांवर जास्त वेळ दिला आहे. खुणा बघायचा क्रम असा ठेवावा: तारीख, चेहरा, चोचीचं मूळ, शेपटीची कड, पंख आणि शेवटी आवाज.

आकारावर विसंबू नका

भुवई बदक चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत साधारण ३७ ते ४१ सेंटिमीटर भरतं, चक्रांग ३४ ते ३८. कागदावर तीन सेंटिमीटरचा फरक दिसतो. पाण्यावर दोनशे मीटरवरून तो दिसत नाही. एकटा पक्षी असेल तर आकाराचा अंदाज हमखास फसतो. दोन्ही शेजारी पोहत असतील तर मात्र भुवई बदक थोडं लांबट, मानेला थोडं उंच आणि चोचीला जरा मोठं वाटतं, तर चक्रांग गोल डोक्याचं, आखूड मानेचं, पाण्यावर गुबगुबीत बसलेलं दिसतं. तलवार बदक किंवा हळदीकुंकू बदक असं मोठं बदक शेजारी असेल तर 'दोन्हींपैकी कुठलं तरी लहान बदक' एवढं नक्की होतं. त्यापुढचं काम आकार करत नाही.

नात्याचा एक धागा मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. चक्रांग 'अ‍ॅनास' या प्रजातीतलं (इंग्रजीत जीनस). भुवई बदकही पूर्वी त्याच प्रजातीत धरत, पण जनुकीय अभ्यासानंतर त्याची रवानगी 'स्पॅच्युला' प्रजातीत झाली, म्हणजे थापट्याच्या (शॉव्हेलर बदकाच्या) घरात. थापट्याच्या नराचा पंख पुढच्या बाजूला निळसर असतो हे अनेकांनी पाहिलेलं असतं. भुवई बदकाच्या नराच्या पंखावरही तीच निळसर-राखाडी झाक आहे, आणि पुढे ती फार कामाला येते. या झाकेमुळेच भारतातल्या जुन्या पुस्तकांत आणि शिकारीच्या नोंदींत या पक्ष्याला 'ब्लू-विंग्ड टील' म्हटलेलं सापडतं. आज त्या नावाने ओळखलं जाणारं बदक अमेरिकेतलं आहे, त्यामुळे जुन्या यादीत हे नाव दिसलं तर तिथे भुवई बदक वाचावं.

पहिली खूण: तारीख

पक्षी ओळखताना आपण दुर्बीण आधी उचलतो आणि तारीख विसरतो. या जोडीच्या बाबतीत ती चूक महागात पडते.

विणीचा हंगाम संपला की बदकं पंखांची उड्डाणपिसं एकदम टाकतात आणि काही आठवडे त्यांना उडता येत नाही. या काळात भडक नर सहज शिकार होईल, म्हणून तो रंगीत पिसारा उतरवून मादीसारखा मळकट पिसारा घालतो. याला एक्लिप्स पिसारा म्हणतात. इथवर दोन्ही जातींचं सारखंच आहे. फरक पडतो तो रंग पुन्हा चढण्याच्या वेळेत. चक्रांगाची जोडी जमवण्याची धांदल थंडीच्या सुरुवातीपासूनच चालते, त्यामुळे त्याचे नर लवकर रंगतात. नोव्हेंबर सरता सरता बहुतेक नर पूर्ण रंगात असतात. भुवई बदकाचा नर मात्र एक्लिप्स पिसारा लांबवतो. काही नर डिसेंबरच्या शेवटी-जानेवारीत रंगू लागतात, पण पूर्ण रंगलेल्या नरांची गर्दी दिसते ती फेब्रुवारी-मार्चमध्ये.

याचा उपयोग असा करायचा.

ऑगस्टअखेर ते सप्टेंबर: या काळात आलेली लहान बदकं बहुधा भुवई बदकं. परतीचा पाऊस संपण्याआधी पोहोचणाऱ्या पहिल्या पाहुण्यांत ही असतात. चक्रांग जरा मागून येतात. तरी फक्त तारखेवर नाव लिहू नये, चेहरा बघावाच.

ऑक्टोबर: सगळ्यात अवघड महिना. दोन्ही जाती हजर, आणि दोन्हींचे नर मळके. या महिन्यात 'नर दिसत नाहीत' या गोष्टीला काहीच अर्थ नसतो.

नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते जानेवारीचा मध्य: दोनशे पक्ष्यांच्या थव्यात चक्रांग मोठ्या संख्येने असतील तर हिरव्या पट्ट्याचे, तांबूस डोक्याचे नर दिसायलाच हवेत. सगळा थवा तपकिरी असेल तर भुवई बदकांचा संशय बळावतो. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते (भारतीय उपखंडात ती १९८७ पासून चालू आहे) आणि नेमका हाच काळ असल्याने या दोन जातींची सरमिसळ गणनेच्या तक्त्यांत सर्वाधिक होऊ शकते.

फेब्रुवारी ते एप्रिल: भुवई बदकाचे नर पांढरी भुवई घेऊन उठून दिसतात. दक्षिणेकडून परतणारे थवेही याच काळात वाटेत थांबतात. हिंदी मुलखात या बदकाला चैती, चैतवा अशी नावं आहेत, आणि चैत्रात आपल्या तळ्यांवर मागे रेंगाळलेल्या लहान बदकांत तेच जास्त असतं.

रंगीत नर: थोडक्यात

भुवई बदकाचा नर: डोकं आणि छाती गडद तपकिरी. डोळ्याच्या थोडी पुढून निघून मानेपर्यंत खाली वळत गेलेली जाड पांढरी कोर. कुशी फिकट राखाडी, आणि तपकिरी छाती जिथे संपते तिथे रेघ मारल्यासारखी कड. खांद्यावरून काळी-पांढरी-राखाडी लांब पिसं पाठीवर लोंबतात. तीनशे मीटरवरूनही ती पांढरी कोर दिसते.

चक्रांगाचा नर: डोकं तांबूस, डोळ्याभोवती आणि मागे रुंद हिरवा पट्टा, त्याला बारीक पिवळसर किनार. अंग राखाडी. लांबून डोकं नुसतं काळपट दिसतं, म्हणून दूरच्या पक्ष्यासाठी दोन वेगळ्या खुणा पाठ कराव्यात: पाण्याला समांतर अशी अंगावरची आडवी पांढरी रेघ, आणि शेपटीखाली बाजूला काळ्या चौकटीतला पिवळसर त्रिकोण. पक्षी डोकं खुपसून झोपला असला तरी हा त्रिकोण बहुतेक वेळा उघडाच असतो.

चेहरा: इथे वेळ घालवा

मादी, पिल्लू किंवा मळका नर समोर आला की स्कोप (तिवईवर ठेवायची एका नळीची मोठी दुर्बीण) त्याच्या चेहऱ्यावर स्थिर करा आणि वरून खाली पट्टे मोजा. घाईने 'पट्टेरी वाटतोय' असं ठरवू नका, खरोखर मोजा.

भुवई बदकाच्या चेहऱ्यावर तीन गडद पट्टे मिळतात. पहिला डोक्याचा माथा. त्याखाली फिकट भुवई, जी डोळ्याच्या मागे जास्त ठळक असते. दुसरा गडद पट्टा चोचीपासून डोळ्यातून थेट मानेकडे जातो. त्याखाली पुन्हा फिकट पट्टी, आणि या पट्टीची सुरुवात चोचीच्या मुळाशी एका फिकट ठिपक्याने होते. तिसरा गडद पट्टा गालावरून आडवा, चोचीच्या कोपऱ्यापासून मागे जाणारा; हा जरा पुसट असतो. त्याच्या खाली हनुवटी आणि गळा पांढुरका, स्वच्छ. जवळून बघताना चेहऱ्याचा हा सगळा पट्टेरी नकाशा एका नजरेत बसतो, आणि एकदा बसला की परत विसरत नाही. मळक्या नरात तो आणखी ठसठशीत दिसतो, गळा तर हमखास पांढरा.

चक्रांगाच्या मादीचा चेहरा सपाट. माथा गडद, डोळ्यातून जाणारी एक बारीक रेघ, आणि बाकी गाल-गळा एकसारखा बदामी, वर बारीक ठिपके. गळा फिकट असला तरी गालापासून वेगळा होऊन उजळत नाही.

इथे एक फसवी गोष्ट आहे. चक्रांगाच्या काही माद्यांच्या गालावर पुसट काळपट पट्टा आणि चोचीपाशी फिकटसा डाग असतो. असा पक्षी एकटाच दिसला तर अनेकजण आनंदाने 'गार्गनी' म्हणून मोकळे होतात. म्हणून चोचीजवळच्या ठिपक्यावर एकट्यावर निर्णय करू नये. ठिपका, स्वच्छ पांढरा गळा आणि ठळक भुवई अशी तीन चिन्हं एकत्र मिळाली पाहिजेत. दोनच मिळाली तर पुढच्या दोन खुणांकडे वळावं.

चोचीचं मूळ आणि शेपटीची कड

या दोन बारीक खुणांना बहुतेक लोक पोहोचतच नाहीत, आणि खरं तर निकाल इथेच लागतो.

चक्रांगाच्या मादीची चोच लहान, गडद, आणि मुळाशी, विशेषतः खालच्या कडेला, नारिंगी-पिवळसर झाक असलेली. ही झाक फार मोठी नसते. चांगल्या उजेडात शंभर मीटरच्या आत स्कोपमधून दिसते. भुवई बदकाची चोच थोडी लांब आणि सबंध राखाडी-काळी, नारिंगीचा मागमूस नाही. नारिंगी दिसली तर चक्रांग हे जवळपास पक्कं. नारिंगी दिसली नाही म्हणून लगेच भुवई बदक ठरत नाही, कारण काही चक्रांगांत ती फारच पुसट असते किंवा सावलीत हरवते. या खुणेतून होकार घ्यावा, नकार काढू नये.

दुसरी खूण शेपटीच्या मुळाशी. चक्रांगाच्या मादीला शेपटीच्या दोन्ही बाजूंना, बुडाजवळ, पांढरट-बदामी रंगाची लांबट रेघ असते. नराच्या पिवळ्या त्रिकोणाचीच ती फिकी आवृत्ती म्हणावी. भुवई बदकाला अशी रेघ नसते. तिथे तपकिरी खवलेच पुढे चालू राहतात. ही खूण फार मोलाची आहे, कारण झोपलेल्या पक्ष्याचा चेहरा आणि चोच पाठीत लपलेली असते पण बूड उघडं असतं. झोपलेल्या थव्यावर काम करायचं तर याच जागी बघत जावं. पक्षी पूर्ण बाजूने किंवा किंचित पाठमोरा असायला हवा. समोरून तोंड करून बसलेला सोडून द्यावा, तो वळेपर्यंत थांबावं. वाऱ्याकडे तोंड करून बसण्याची बदकांची सवय असते, त्यामुळे वारा कुठून येतोय ते बघून काठावरची जागा निवडली तर बाजूने दिसणारे पक्षी आपोआप वाढतात.

याच जागी आणखी एक मदत मिळते. बसलेल्या चक्रांगाच्या पंखाच्या घडीतून चमकदार हिरवा तुकडा अनेकदा डोकावतो, मादीतसुद्धा. भुवई बदकाच्या मादीत तो तुकडा मंद असल्याने सहसा लक्ष वेधत नाही.

उडताना: कुठली पांढरी रेघ जाड?

बदकांच्या पंखाच्या मागच्या भागात चमकदार रंगाचा आयत असतो, त्याला स्पेक्युलम म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ आरसा. इथे आरसाच म्हणू. या आरशाच्या पुढे एक आणि मागे एक अशा दोन पांढऱ्या रेघा असतात. दोन्ही जातींचा सगळा भेद या दोन रेघांच्या जाडीत आहे.

चक्रांगात पुढची रेघ जाड आणि मागची बारीक. पुढची रेघ पंखाच्या टोकाच्या दिशेने आणखी रुंदावते. मधला आरसा हिरवा-काळा. नर-मादी दोघांतही हेच. पंखाचा पुढचा भाग गडद करडा-तपकिरी.

भुवई बदकाच्या मादीत उलट: पुढची रेघ बारीक, मागची जाड. आरसा मंद, करडा. मागच्या कडेची पांढरी पट्टी दूर जाणाऱ्या पक्ष्यात चांगली दिसते.

भुवई बदकाच्या नरात दोन्ही रेघा जवळपास सारख्या जाड, मध्ये हिरवा आरसा, आणि पंखाचा पुढचा भाग फिकट निळसर-राखाडी. कडक उन्हात हा भाग जवळजवळ पांढरा चमकतो. आणि हे लक्षात ठेवावं की नर अंगाने कितीही मळका झाला तरी पंखाची ही झाक कायम राहते. ऑक्टोबरात तपकिरी थवा उडाला आणि त्यातल्या काहींच्या पंखांचा पुढचा भाग लख्ख फिकट दिसला, की एक्लिप्समधले भुवई बदकाचे नर सापडले. अशा वेळी त्याच थव्यात थापट्याचे नर नाहीत याची खात्री करावी. थापट्या अंगाने मोठा, आणि पुढे लांब, पसरट चोच घेऊन उडतो; चोचीकडे नजर टाकली की गोंधळ राहत नाही.

पंखाची खालची बाजू दिसली तर तीही बघावी. भुवई बदकाच्या पंखाची पुढची कड खालून गडद, आणि त्यामागचा मधला भाग पांढुरका, असा ठळक भेद असतो. चक्रांगात हा भेद बराच सौम्य.

उडण्याची ढबही थोडी वेगळी. चक्रांगांचा थवा पाण्यावरून सरळ वर उसळतो आणि चिखलपक्ष्यांसारखा एकदम वळणं घेत जातो. भुवई बदकंही वेगवान, पण त्यांचं वळणं घेणं इतकं तडकाफडकी नसतं. सरावाने हा फरक जाणवतो. नोंदीत पुरावा म्हणून तो एकटा लिहू नये.

पंख बघायचे म्हणून थवा उडवू नये, हे ठासून सांगायला हवं. होडी थव्यात घालणं, टाळ्या वाजवणं, ड्रोन नेणं, यातलं काहीही नको. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्यांची विश्रांती मोडते आणि आपल्याला दिसतात ती पाठमोरी, भेदरलेली बदकं. अर्धा तास शांत बसलं तर हे काम दलदली भोवत्या (मार्श हॅरियर) हा शिकारी पक्षी करून देतो. तो पाण्यावरून खालून घिरटी घालत आला की सगळा थवा उठतो, एक फेरी मारतो आणि तिथेच परत उतरतो. उतरतानाचे क्षण सगळ्यात चांगले: पंख पूर्ण पसरलेले, वेग कमी, आणि पक्षी आपल्याकडे वळलेले. कॅमेरा असेल तर शटर १/२००० सेकंदाच्या आसपास ठेवून सलग फोटो घ्यावेत आणि उजेड किंचित कमी ठेवावा, म्हणजे दोन पांढऱ्या रेघा एकमेकींत मिसळून जात नाहीत. जास्त उजेडाच्या फोटोत बारीक रेघही जाड दिसते, आणि मग फोटोवरून चुकीचं नाव पडतं.

आवाज

चक्रांगाचा नर हिवाळाभर बोलतो: स्पष्ट, आखूड, घुंगरासारखी शीळ, 'क्रिक... क्रिक'. पहाटे धुक्यात पक्षी दिसत नसताना ही शीळ ऐकू आली तर चक्रांग हजर आहेत हे नक्की. भुवई बदकाच्या नराचा आवाज कोरडा, लाकडी: कंगव्याच्या दात्यांवरून नख ओढावं तसा करकर. हा मुख्यतः नर रंगात आल्यावर, फेब्रुवारीपासून पुढे ऐकू येतो. दोन्ही माद्यांचं क्वॅक क्वॅक इतकं जवळचं आहे की त्यावर नाव ठरवू नये.

कुठे बसतात, काय खातात

दिवसा मोठ्या जलाशयाच्या मध्यावर, उघड्या पाण्यावर दाटीने विश्रांती घेणारे मोठे थवे बहुधा भुवई बदकांचे. संध्याकाळी ती उठून भातखाचरांत, गाळपेर जमिनीत, उथळ तळ्यांत चरायला जातात. पोहता पोहता डोकं पाण्यात बुडवून खाणं ही त्यांची मुख्य रीत. शेपूट वर करून उलटं होणं कमी. चक्रांगाला काठचा चिखल प्रिय. घोटाभर पाण्यात चालत, चोच चिखलावरून फिरवत तो बिया गाळून खातो, त्यामुळे काठाजवळ, गवताच्या आडोशाला लहान लहान टोळ्यांत सापडतो.

नांदूर मध्यमेश्वरला, म्हणजे गोदावरी-कादवा संगमावरच्या त्या उथळ जलाशयात, दोन्ही सवयींना जागा आहे. चापडगावच्या मनोऱ्यावरून मधलं पाणी आणि काठचा चिखल एकाच बैठकीत तपासता येतो, म्हणून सरावासाठी ती जागा उत्तम. पैठणच्या नाथसागरावर पाणी अफाट आणि पक्षी लांब, तिथे स्कोपशिवाय जाऊ नये. गोव्यात करमळीच्या तळ्यावर अंतर कमी पडतं, त्यामुळे चोचीचं मूळ बघायचा सराव तिथे चांगला होतो.

उजेड, अंतर, साधनं

आठ बाय बेचाळीसची दुर्बीण शंभर मीटरपर्यंत पुरते. त्यापलीकडे २० ते ६० पट मोठं दाखवणारा स्कोप आणि न हलणारी तिवई हवी. सकाळी पाण्याच्या पूर्व काठावर, सूर्य पाठीशी घेऊन उभं राहावं. चुकीच्या काठावर उभं राहिलं की सगळी बदकं काळी आकृती होतात आणि चेहऱ्यावरचे पट्टे गायब. ऊन चढलं, साधारण साडेनऊ-दहानंतर, की पाण्यावरची हवा थरथरते. मग स्कोपची पट वाढवून काही मिळत नाही, उलट प्रतिमा फुटते. अशा वेळी पट ३० च्या आसपास आणून जवळच्या पक्ष्यांपुरतं काम करावं. तिरप्या पिवळ्या उन्हात, सूर्योदयानंतरच्या पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत, सगळ्याच चोची किंचित नारिंगी भासतात. चोचीच्या मुळाचा निर्णय तेवढा वेळ लांबवावा.

आणखी कोण फसवतं

काणूक: अगदी लहान. मादीच्या डोळ्यातून गडद रेघ आणि वर फिकट भुवई, त्यामुळे लांबून भुवई बदकाची आठवण येते. पण चोच आखूड, उंच, हंसासारखी, आणि अंग बरंच पांढुरकं. कमळ-शिंगाड्याच्या तळ्यांत, विशेषतः भंडारा-गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांवर, आधी काणूक नाही ना हे बघावं.

गडवालची मादी: मोठी, चोचीच्या कडा नारिंगी, आरसा पांढरा. नारिंगी कडा बघून चक्रांग लिहिण्याची चूक एकट्या पक्ष्यात होते. पांढरा चौकोन दिसला की प्रश्न मिटतो.

बैकल टील: भारतात अत्यंत दुर्मीळ. मादीच्या चोचीपाशी गोल पांढरा ठिपका असतो, भोवती गडद कड. भुवई बदकाचा ठिपका जरा ठळक दिसला म्हणून या नावावर उडी मारू नये. ठिपका गोल, स्वच्छ आणि चौकटीत बसलेला आहे का ते फोटोत तपासून मगच पुढे जावं.

चिखल: चिखलात चोच घालून आलेल्या कुठल्याही बदकाच्या चोचीच्या मुळाशी फिकट डाग दिसू शकतो. पक्षी पाण्यात डोकं बुडवून वर आला की पुन्हा बघावं.

मिश्र थवा मोजताना

सहाशे बदकांचा थवा आहे आणि त्यातली साठच नीट दिसतात. साठांत चाळीस चक्रांग निघाले म्हणून सहाशेत चारशे चक्रांग धरायचे का? नाही. काठाजवळचे पक्षी जास्त नीट दिसतात, आणि काठ ही चक्रांगाची जागा. मध्यावर झोपलेल्या थव्यात प्रमाण पार उलटं असू शकतं. म्हणून काठ आणि मधलं पाणी वेगवेगळं मोजावं, प्रत्येक भागातल्या ओळखलेल्या पक्ष्यांचा आकडा स्वतंत्र ठेवावा आणि उरलेले 'टील एसपी.' (म्हणजे टील, पण जात नक्की नाही) किंवा नुसते लहान बदक म्हणून नोंदवावेत. पक्षीनोंदींच्या ई-बर्ड संकेतस्थळावर त्याची सोय आहे. अनोळखी म्हणून नोंदवलेले पाचशे पक्षी पुढे अभ्यासकाला उपयोगी पडतात, चुकीच्या नावाने नोंदवलेले पाचशे पक्षी दोन्ही जातींचे आकडे बिघडवतात.

नोंदीत नावासमोर कारण लिहावं. नमुना असा:

'१४ नोव्हेंबर, सकाळी ७.१५ ते ८.४०, पूर्व काठ, सूर्य पाठीशी. मधलं पाणी: भुवई बदक ३८, गळा पांढरा व गालावर तिसरा पट्टा दिसला, रंगीत नर शून्य, भोवत्या आल्यावर उडालेल्यांत ११ जणांचे पंख पुढून फिकट. काठचा चिखल: चक्रांग १६, पैकी ९ रंगीत नर, ७ माद्या, पाच जणींच्या शेपटीची कड आणि दोघींच्या चोचीचं नारिंगी मूळ स्पष्ट. झोपलेली, नाव न ठरलेली लहान बदकं अंदाजे ४५०.'